उजेडात धरलेली पिशवी

नलूताईंच्या हातात काहीही ठेवा, त्या ते आधी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायच्या आणि हलकेच मागेपुढे हलवायच्या. मधाची बरणी, पाण्याची बाटली, माझ्या मुलीचं खोकल्याचं औषध, काहीही. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आल्या तेव्हा केतकीने, म्हणजे माझ्या बायकोने, मोठ्या हौसेने कोकम सरबत केलं होतं. ताईंनी पेला उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "साखर खाली बसलीय." त्यानंतर सहा महिने केतकीने त्यांना सरबत विचारलं नाही. त्यांना मात्र आपण काही लागेल असं बोललो याचा पत्ताही नव्हता. जे दिसलं ते सांगितलं, यात राग येण्यासारखं काय, असा त्यांचा एकूण कारभार होता.

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. ऑकलंडला, मुलाच्या घरी. झोपेतच गेल्या म्हणे. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो, नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि माझ्याही नकळत तो पेला खिडकीकडे धरला. मग खुर्चीवर बसून रडलो. रडायची माझी कारणं दोन होती. एक त्या गेल्या हे. दुसरं कारण सांगायला हा सगळा लेख लागणार आहे.

नलिनी थत्ते. मूळच्या चिपळूणच्या. लग्न होऊन इंग्लंडला गेल्या, तिथे हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आणि मग नवऱ्याच्या नोकरीपायी न्यूझीलंडला, हॅमिल्टनला आल्या. नवरा लवकर गेला, मुलगा ऑकलंडला स्थिरावला, ताई हॅमिल्टनच्या रक्तकेंद्रात राहिल्या. मी नाशिकहून इथे शिकायला आलो, शिकून झाल्यावर परत जायचं राहिलंच, आणि त्याच रक्तकेंद्रात संगणकाच्या कामाला लागलो. पिशव्यांवरचे बारकोड वाचले जातात का, कोणती पिशवी कुठे आहे हे पडद्यावर बरोबर दिसतं का, एवढंच माझं काम. रक्तातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. जे थोडं कळतं ते ताईंनी डबा खाता खाता शिकवलं. त्यांच्या डब्यात रोज दहीभात आणि लिंबाचं लोणचं. बाहेरचं काही त्या कामाच्या दिवशी खात नसत.

त्यांच्याकडे प्लेटलेटचं काम होतं. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणारा भाग. कॅन्सरच्या औषधांनी माणसाच्या अंगातल्या प्लेटलेट संपतात, मग साधी हिरडी दुखावली तरी रक्त थांबत नाही. त्यांना बाहेरून द्याव्या लागतात. गंमत अशी की या पिशव्या फ्रीजमध्ये ठेवता येत नाहीत. खोलीच्या उबेत, सतत डुलणाऱ्या फळ्यांवर ठेवाव्या लागतात. जी ऊब त्यांना मानवते तीच जंतूंनाही मानवते. एखादा जंतू दात्याच्या अंगातून आत शिरला तर दोन दिवसांत पिशवीभर होतो, आणि पिशवी चढवायची ती अंगात प्रतिकारशक्ती न उरलेल्या माणसाला. त्या डुलणाऱ्या फळ्यांना ताई पाळणा म्हणत. बाकीचे कीवी, म्हणजे इथले, सहकारीही "पालना" म्हणायला शिकले होते.

पाळण्यातून काढलेली प्रत्येक पिशवी ताई उजेडात धरून हलवत. चांगल्या प्लेटलेट असतील तर पाण्यात साखर विरघळताना दिसतात तशा चमकत्या रेघा आत फिरतात. रेघा फिरल्या नाहीत, रंग वेगळा वाटला, लेबलचा कोपरा सुटलेला दिसला, दात्याच्या फॉर्मवर एका प्रश्नाचं उत्तर खोडून पुन्हा लिहिलेलं असलं, की ताई एकच शब्द बोलत. "टाका." इंग्रजी बोलतानाही हा शब्द मराठीतच यायचा. आमचा बॉस एकदा म्हणाला, "नलिनी, यू थ्रो अवे मोअर दॅन एनीवन." ताई शांतपणे म्हणाल्या, "येस. अँड आय स्लीप."

त्यांच्या पर्समध्ये स्वयंपाकाचा थर्मामीटर असायचा. आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की जेवणाच्या टेबलापाशी ताई पहिल्या. जेवायला नव्हे. पातेल्यात थर्मामीटर बुडवायचा, आकडा बघायचा आणि स्वयंसेवकांना सांगायचं, "पुन्हा गॅसवर चढवा, उकळी येऊ दे." मंडळाचे अध्यक्ष वैतागायचे. लोक ताटं घेऊन रांगेत उभे आणि ही बाई मसालेभाताचा ताप बघतेय! पोरं त्यांना थर्मामीटर आज्जी म्हणायची, "थर्मामीटर आज्जी इज हिअर, नो फूड!" ताई हसायच्या आणि आकडा योग्य येईपर्यंत हलायच्या नाहीत. त्यांच्या देखरेखीखाली मंडळात कुणाचं पोट बिघडलेलं मला आठवत नाही.

रक्तदान केल्यावर दात्याला आम्ही एक छोटं कार्ड देतो. घरी गेल्यावर ताप आला, पोट बिघडलं, काही सांगायचं राहून गेलं असं वाटलं, तर या नंबरवर फोन करा, एवढंच त्यावर असतं. बहुतेक लोक ते कार्ड गाडीत टाकून विसरतात. मॉरिन्सव्हिलकडचा एक म्हातारा शेतकरी, गाईगुरं असलेला, त्याने एकदा दान केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. आवाज पडलेला. म्हणाला, परवा दाढ काढली होती ती सांगायची विसरलो, माझ्यामुळे तुमचं काम वाया गेलं, सॉरी. ताईंनी पिशवी टाकली आणि त्या माणसाशी पंधरा मिनिटं इतक्या जिव्हाळ्याने बोलल्या की मला वाटलं भाऊच आहे. पुढे दर नाताळात त्यांचं त्याला कार्ड जायचं. मी चेष्टा केली, "ताई, ज्यांची पिशवी वापरली जाते त्यांना कार्ड नाही आणि ज्याची टाकली त्याला कार्ड?" त्या म्हणाल्या, "रक्त काय, कुणीही देतं रे. हा फोन करणारा खरा दाता."

स्वतः ताईंना मात्र रक्त देता येत नसे. इंग्लंडात गाईंना 'मॅड काऊ' हा, माणसालाही होऊ शकणारा मेंदूचा रोग झाला होता, त्या काळात तिथे राहिलेल्यांचं रक्त न्यूझीलंडमध्ये घेत नसत. त्या रोगाची रक्तातून खात्रीने तपासणी करणारी सोय नाही, म्हणून सरसकट नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रक्ताची राखण केलेल्या बाईचं रक्त तिच्याच केंद्रात चालत नव्हतं. त्यांना याचं दुःख होतं. बोलून दाखवत नसत, पण दात्यांच्या खुर्च्यांजवळून जाताना त्यांचा हात एखाद्या रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरून फिरायचा, ते मी पाहिलंय.

मग तो नियम उठला. त्या दिवशी ताई निळी इरकल नेसून कामावर आल्या. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला जमलो. ताईंनी फॉर्म घेतला आणि चष्मा पुसून प्रत्येक प्रश्न असा वाचला जणू आयुष्यात पहिल्यांदा बघतायत. एका प्रश्नापाशी त्यांचा पेन थांबला. भाच्याच्या लग्नाला त्या नुकत्याच चिपळूणला जाऊन आल्या होत्या. हिवतापाचा मुलूख. मी शेजारीच होतो, हळूच म्हणालो, "ताई, चारच दिवस तर होतात. कोण बघतंय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. "मी बघतेय ना," म्हणाल्या, आणि "हो" वर खूण केली. नर्सने त्यांना परत पाठवलं. नुसता चहा आणि बिस्किट घेऊन त्या प्रयोगशाळेत आल्या आणि अंगावर पांढरा कोट चढवत म्हणाल्या, "माझ्या रक्ताला मुहूर्तच नाही." आम्ही हसलो. त्याही हसल्या. त्या दिवशीचं माझं ते "कोण बघतंय" मला पुढे फार महागात पडणार होतं, आणि माझ्यापेक्षाही दुसऱ्या कुणाला तरी.

अनघा टौरंगाची. नवरा महेश तिथल्या किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये इंजिनिअर, मुलगी ईरा चार वर्षांची. मंडळाच्या गणपतीत अनघा दोन वर्षं लेझीम बसवायला हॅमिल्टनला यायची, तेव्हापासून आमच्या सगळ्यांच्या ओळखीची. तिला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि उपचारांसाठी ती हॅमिल्टनला दाखल झाली. औषधं लागू पडत होती, पण मध्येच एक नवीन संकट आलं. तिचं शरीर दुसऱ्यांच्या प्लेटलेट स्वीकारेना. चढवल्या की तासाभरात नाहीशा. तिच्याशी बारकाईने जुळणाऱ्या दात्याच्याच प्लेटलेट टिकणार होत्या, आणि असा दाता आपल्याच लोकांत सापडण्याची शक्यता जास्त. मंडळातल्या पंचवीसतीस जणांनी तपासणीला रक्त दिलं. दोघं जुळले. एक ऑकलंडच्या अवोन्डेलमधला मुलगा, आणि दुसरा मी.

कोण जुळलं हे रोग्याच्या घरच्यांना सांगायचं नाही, हा नियम. ताईंनी मला खुर्चीवर बसवून तो नियम वाचून दाखवला. पण मराठी माणसं इथे किती आणि गुपितं ती किती राहणार! दोन दिवसांत अनघाच्या आईकडून डिंकाचे लाडू आले. त्या कऱ्हाडहून लेकीच्या आजारपणासाठी आल्या होत्या. केतकी हॉस्पिटलात भेटायला गेली तर तिच्या हातात डबा देऊन म्हणाल्या, "त्याला रोज एक दे. ताकद यायला पाहिजे की." मी तो डबा ताईंना दाखवला नाही. दाखवला असता तर परत करायला लावला असता.

त्या रविवारी मंडळाची मिसळ पार्टी होती. ताईंची ड्युटी होती, त्यामुळे थर्मामीटर आला नाही. सोमवारी सकाळी माझं पोट बिघडलं. दोनतीनदा जावं लागलं. आता आपल्याकडे पोट बिघडणं हा काही आजार असतो का? चिमूटभर ओवा चावला, वर कोमट पाणी प्यायलो, संध्याकाळी वरणभात खाल्ला, संपला विषय. मंगळवारी सकाळी माझी प्लेटलेट द्यायची वेळ ठरलेली. अनघाचा आकडा खाली गेला होता आणि हॉस्पिटल वाट बघत होतं. फॉर्मवर प्रश्न होता, अलीकडे पोट बिघडलं होतं का. पेन हातात घेतला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लाडवांचा तो डबा आला, आणि त्या माउलीचा चेहरा. एवढ्याशा कारणासाठी परत जाऊ? बरं तर वाटत होतं. मी "नाही" वर खूण केली. दीड तास मशीनला हात लावून बसलो आणि स्वतःवर खूश होऊन बाहेर पडलो. अवोन्डेलचा मुलगा मंगळवारी यायला तयार होता. त्याला आमच्याकडून निरोप गेला की आता गरज नाही. तो बुधवारी सकाळच्या विमानाने कामासाठी वेलिंग्टनला गेला.

बुधवारी दहाच्या सुमाराला मंडळाच्या ग्रुपवर मेसेज यायला लागले. "कोणाकोणाचं पोट बिघडलंय?" "आमच्याकडे तिघंही आडवे." "ईशानला ताप आहे, डॉक्टरकडे नेतोय." एकामागून एक, सतराअठरा घरं. मी पडद्यासमोर बसून ते वाचत होतो. त्याच पडद्यावर माझी पिशवी दिसत होती, पाळण्यात, तपासणीसाठी नमुना काढून झालेला, दुपारी हॉस्पिटलला जायची. उठलो आणि ताईंकडे गेलो.

"ताई, माझं पोट बिघडलं होतं."

त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "कधी?"

"सोमवारी."

"आणि मंगळवारी फॉर्मवर?"

"'नाही' लिहिलं," म्हणालो आणि ग्रुपवरचे मेसेज त्यांच्यापुढे धरले. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त हातमोजे काढले, दोन्ही नीट एकात एक घातले आणि फोनकडे गेल्या. ड्युटीवरच्या डॉक्टरला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, दुसरी जुळणारी पिशवी आहे का? शुक्रवारशिवाय नाही. अशा वेळी सगळं माहीत असून धोका पत्करून पिशवी देण्याची सोय नियमात असते. तो बिचारा विचारात पडला असावा. शेवटी स्पीकरवर म्हणाला, "नलिनी, यू नो धिस बेटर दॅन मी. युअर कॉल." ताईंनी डोळे मिटले. "नो, डॉक्टर. अठरा घरं आजारी आहेत," एवढं मराठीत बोलून गेल्या आणि मग सावरून तेच इंग्रजीत म्हणाल्या. त्या मुलीच्या अंगात एकही पांढरी पेशी लढायला नाही, जंतू असेल तर उद्याच जाईल. मला हे देता येणार नाही.

पाळण्यातून त्यांनी पिशवी काढली. सवयीने खिडकीकडे नेली, उजेडात धरली, हलवली. आत चमकत्या रेघा अशा फिरत होत्या की मी तशा कधी पाहिल्या नव्हत्या. ताई बघत राहिल्या. "किती सुरेख फिरतंय रे," म्हणाल्या. मग ती पिवळ्या डब्यात टाकली आणि झाकण लावलं. या वेळी "टाका" म्हणाल्या नाहीत.

अनघाला साध्या, न जुळणाऱ्या पिशव्या लावून बघितल्या. टिकल्या नाहीत. अवोन्डेलचा मुलगा शुक्रवारी सकाळी विमानतळावरून थेट केंद्रात येणार होता. गुरुवारी दुपारी अनघाच्या डोक्यात रक्तस्राव झाला. शुक्रवारी तो मुलगा आला तेव्हा त्याला दारातूनच परत पाठवायची वेळ माझ्यावर आली.

माझ्या पिशवीतून काढलेला नमुना मात्र अजून कपाटात होता. तपासणीची बाटली उबेच्या कपाटात सात दिवस ठेवतात, पिशव्या मात्र त्याआधीच द्याव्या लागतात. आत जंतू वाढला की शेजारचा दिवा लाल होतो. पिशवी टाकलेली असली तरी बाटली काढत नाहीत. ताई रोज सकाळी आल्या की कोट घालण्याआधी त्या कपाटापुढे जाऊन उभ्या राहत. हिरवा. दुसऱ्या दिवशी हिरवा. तिसऱ्या दिवशी त्या टौरंगाला अंत्यविधीला जाऊन आल्या आणि घरी न जाता कपाटापाशी आल्या. हिरवा. मीही चोरून बघत होतो. सातव्या दिवशी त्यांनी बाटली बाहेर काढली, उजेडात धरली. पाण्यासारखी स्वच्छ. त्या तिथल्या स्टुलावर बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "समीर, मी सात दिवस देवाजवळ जंतू मागत होते. मेलेल्या मुलीसाठी जंतू मागत होते रे मी. तेवढे निघाले असते तर झोपले असते."

मला त्यांचे पाय धरायचे होते. म्हणायचं होतं की ताई, पिशवी तुम्ही टाकलीत पण दिवस मी घालवला. मंगळवारी फॉर्मवर खरं लिहिलं असतं तर तो अवोन्डेलचा मुलगा त्याच दुपारी आला असता, बुधवारी अनघाला पिशवी चढली असती. हा हिशेब त्यांना माझ्याआधी कळलेला होता. कळला नसेल असं शक्यच नाही. पण त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी त्यांनी तो उच्चारला नाही. फक्त म्हणाल्या, "तू आलास ना सांगायला. नसतास आलास तर मी देऊन बसले असते." हा दिलासा होता की नुसतं सत्य, ते मला आजही ठरवता येत नाही.

वर्ष झालं. महेशने वर्षश्राद्धाला बोलावलं. ताईंची निवृत्ती महिन्यावर आली होती. मी गाडी चालवत होतो, ताई शेजारी, कायमाईच्या डोंगरातली वळणं चढून आम्ही टौरंगाला पोचलो. विधी चालू होता. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर मंत्र सांगत होते आणि मधूनमधून आवाज तुटत होता. पान वाढून घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर ठेवलं. इथे कावळे नाहीत. ईराने विचारलं, "इज द बर्ड कमिंग फॉर मम्मा?" आजी म्हणाली, "येईल हं," आणि तोंड फिरवलं. शेवटी समुद्रावरचा एक सीगल आला, त्याने वडा उचलला आणि सगळ्यांनी हात जोडले.

जेवणं झाल्यावर महेश डेकवर आला. मी आणि ताई तिथेच उभे होतो.

"ताई, एक विचारू? वर्षभर विचारीन म्हणतोय."

"विचार."

"समीरच्या पिशवीत काही निघालं होतं का?"

ताईंनी हो म्हटलं असतं तर त्या माणसाची सुटका झाली असती. पिशवी लावली असती तरी ती गेलीच असती, असं समजून तो झोपू शकला असता. एक शब्द होता. मला वाटलं, या वेळी तरी त्या म्हणतील.

"नाही," ताई म्हणाल्या. "काही निघालं नाही. स्वच्छ होती."

महेशने कठडा धरला. "मग टाकली का?"

"शंका होती."

"कसली?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ते मला सांगता येत नाही, बाबा. पण डॉक्टरांनी मला विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं. ते माझं आहे."

"आज परत तसंच झालं तर?"

"परत टाकीन," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

महेश ओरडला नाही. कठड्यावरचा हात काढला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझा काय दोष रे. तू तर एका फोनवर आलास." आणि मी, मी काय केलं? मी मान हलवली. दात्याचं उत्तर बाहेर सांगायचं नाही हा नियम ताईंना होता. मला नव्हता. मी तिथल्या तिथे तोंड उघडू शकलो असतो. उघडलं नाही. फॉर्ममधला एकही रकाना कोरा न सोडणाऱ्या बाईने तो एक रकाना माझ्यासाठी कोरा ठेवला आणि सगळा दोष स्वतःच्या नावावर घेतला. नियम म्हणून की माया म्हणून, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही, आणि आता त्या नाहीत. हे लिहून झालं की आधी महेशला पाठवणार आहे. त्याला जे वाटायचं ते वाटो.

निघताना अनघाच्या आई दारात आल्या. हातात डबा. "डिंकाचे आहेत. तुझ्यासाठीच केले," म्हणाल्या. "तवा दिलेस, तेच्याबद्दल काही करायचं राहिलं होतं." मी डबा घेतला आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. ताईंनी वळून तो उचलला आणि मांडीवर घेतला. वळणांवर पडेल म्हणून असेल. हॅमिल्टन येईपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

त्यांच्या घरासमोर गाडी थांबवली. ऊन कलतं होतं. ताई उतरल्या, खिडकीतून डबा माझ्या हातात दिला. झाकण पारदर्शक होतं, पण त्यांनी तो उजेडात धरला नाही.

"घरी ने," म्हणाल्या. "रोज एक खा. टाकू नकोस."

किल्ली लावून दार उघडलं, आणि आत जाण्याआधी एकदा वळून त्यांनी बघितलं. माझ्याकडे नाही, डब्याकडे.